डाव्या पायाखालची ओली मॅट

मे 2019 मधली दुपार. आमचं गॅरेज सुरूर फाट्याच्या अलीकडे. पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या गाड्या तेव्हा खंबाटकी घाट चढताना तापायच्या, माथ्यावर बोनेट उघडून उभ्या राहायच्या आणि मग उतरणीला लागून हळूहळू आमच्याकडे यायच्या. उन्हाळ्यात हे रोजचंच.

ही गाडी पिवळ्या पाटीची, डिझेल. कोल्हापूरला निघालेलं एक कुटुंब आत होतं. ड्रायव्हर पंचविशीचा, गाडी त्याचीच, कर्जावर घेतलेली. उतरताच म्हणाला, “मिस्त्री, दोन महिने झाले, पाणी गायब होतंय. खाली एक थेंब दिसत नाही. एका गॅरेजमध्ये सांगितलं, हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलायचं. पस्तीस हजार.” बोलताना आवाज कापत होता त्याचा. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील.

रेडिएटरच्या टोपीकडे त्याचा हात गेला, तो मी धरलाच. गरम गाडीची टोपी फिरवली की दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. माझ्या उजव्या हातावर तसला डाग आहे, वीस वर्षांपूर्वीचा. तासभर गाडी थंड होऊ दिली. पाहुण्यांना लिंबाखाली बाज टाकून दिली.

थंड झाल्यावर पाणी भरलं, टोपी काढून तिथे हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवला. टोपीवर 1.1 बार छापलेलं होतं, तेवढाच दाब भरला. याहून जास्त भरू नये, चांगले होजही (रबरी पाइप) फुटतात. दहा मिनिटांत काटा 0.8 वर आला. म्हणजे गळती होती, आणि तीही इंजिन बंद असताना. टॉर्च घेऊन गाडीखाली झोपलो. वॉटर बॉडीचं, म्हणजे पाण्याच्या पंपाचं, छोटं भोक कोरडं, रेडिएटरच्या कडा कोरड्या, होजच्या क्लिपांवर पांढरा-हिरवा थरही नाही. जमीन तर कोरडी ठणठणीत.

आता हेड गॅस्केटचा संशय खरा वाटू लागतो. गॅस्केट गेलं की पाणी ऑइलमध्ये मिसळू शकतं. तरी डिपस्टिकच्या ऑइलमध्ये पाण्याची खूण नव्हती, ऑइल भरायच्या टोपीखाली दुधाळ साय नव्हती. इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरली. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल तर तो निळा रंग बदलून हिरवट-पिवळा होतो. पाच मिनिटं धरली, निळा तो निळाच. दुसऱ्याच्या कामाला मी सहसा नावं ठेवत नाही, पण एवढ्या दोन तपासण्या न करता कुणाचं इंजिन खोलायला निघणं मला पटत नाही.

मग त्याला विचारलं, “सकाळी काच आतून धुरकट होते का रे?”

“होते की. फडकं मारलं तर अजून पसरतं, चिकट.”

“आणि डाव्या बाजूची मॅट?”

“ओली असते. एसीचं पाणी आहे म्हणाले. ड्रेनची नळी फुंकून दिली होती त्यांनी.”

मॅट उचलली, खालचा गालिचा चिमटीत पिळला. एसीचं पाणी साधं असतं, बोटांत विरतं. हे बुळबुळीत होतं, फिकट हिरवं, आणि गोडसर वासाचं; म्हणजे कूलंट, रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात ते द्रव. पुन्हा दाब भरला, सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं आणि डॅशबोर्डला कान लावला. आतून बारीक फुसफुस येत होती. हीटर कोअर गळत होता.

डॅशबोर्डमागे बसवलेला हा छोटा रेडिएटर. आपल्याकडे हीटर क्वचितच लागतो, म्हणून तो आहे हेच लोक विसरतात. पण बऱ्याच गाड्यांत गरम पाणी त्यातून सतत फिरत असतं. घाटात दाब वाढला की गळती वाढायची, पाणी कमी पडायचं आणि गाडी तापायची. त्यात हा पोरगा दोन महिने वाटेतल्या नळाचं, विहिरीचं पाणी भरत होता. कूलंटमधलं गंजरोधक त्यामुळे पातळ होत गेलं. भीती मला डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याची होती. पाणी सेन्सरच्या खाली गेलं तर काटा वर चढत नाही, उलट खाली येतो, आणि ड्रायव्हरला वाटतं गाडी थंड झाली. तेवढ्यात हेड खरंच वाकू शकतं.

डॅशबोर्ड उतरवायला पूर्ण दिवस हवा. पाहुणे वाटेत होते. म्हणून इंजिनकडून हीटरला जाणारे दोन्ही होज काढून एकमेकांना जोडले, हीटर बाजूला टाकला, निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी भरलं, हवा काढली. टेस्टर पुन्हा लावला. पंधरा मिनिटं काटा 1.1 वर अढळ. त्याने तो स्वतः वाकून पाहिला, दोनदा.

काढलेलं कूलंट कॅनमध्ये भरून बूच लावलं. गोड लागतं म्हणून कुत्री ते चाटतात, आणि थोड्याशानेही मरतात.

पावसाच्या तोंडाला तो कोअर बदलायला आला. जुना बाहेर काढून पाण्यात बुडवला, हवा सोडली. खालच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची एकच रांग निघाली. भोक सुईच्या टोकाएवढं. तो बराच वेळ त्या रांगेकडे बघत उभा होता.