नांदेडचे पूल, पायी

संभाजीनगरहून नांदेडला येणारी गाडी गोदावरीच्या खोऱ्यातून धावते, पण गोदावरी काही ओलांडत नाही. जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा, सगळा मार्ग नदीच्या उत्तर अंगाने. वाटेत दुधना लागते, पूर्णा लागते, मोठी नदी मात्र दिसतसुद्धा नाही. नांदेडचं स्टेशनही उत्तर काठावरच. निजामाच्या अमलात 1900 च्या सुमारास सिकंदराबाद-मनमाड मीटरगेज झाली, तेव्हापासून मार्ग हाच आहे. नांदेडहून पुढे मुदखेड, उमरी, धर्माबाद करत गाडी तेलंगणात शिरते आणि बासरजवळ एकदाची गंगा, म्हणजे आपली गोदावरीच, पार करते. म्हणजे शहर नदीचं, रेल्वे विभागाचं मुख्यालयही 2003 पासून इथंच, आणि गंगेवरचा रेल्वेपूल बघायचा तर नांदेडकरानं तिकीट काढून बाहेरगावी जावं! हे डोक्यात बसलं आणि नांदेडचे पूल एकदा पायी फिरायचे ठरवले.

पहिला पूल उतरल्या उतरल्याच लागला, स्टेशनवरचा दादरा. एका टोकाला गाव, दुसऱ्या टोकाला गोकुळनगर. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेस आलेली असली की या दादऱ्यावर अर्धा पंजाब उतरतो. माझ्यापुढे एक आजी होत्या, दर चार पायऱ्यांना थांबणाऱ्या. त्यांचा नातू वरून ओरडत होता आणि आजी त्याच्याकडे ढुंकूनही न बघता आपल्या चालीनं चढत होत्या. रुळांनी शहर आडवं कापलंय, त्यामुळे हिंगोली गेटला उड्डाणपूल, लालवाडीला अंडरब्रिज. जोराचा पाऊस झाला की अंडरब्रिजखाली पाणी साचतं, मग मोटारसायकलवाले काठावर उभे राहून पहिला कोण घालतो याची वाट बघतात. नदीवर जायच्या आधीच नांदेडात दोन-तीन पूल होऊन जातात ते असे.

गोवर्धन घाटाकडे ऑटोनं गेलो. "स्मशानभूमीला का साहेब?" ऑटोवाल्यानं आवाज खाली आणून विचारलं. या बाजूला अशा वेळी एकटा माणूस बहुतेक त्याच कामाला येत असणार. पूल बघायचाय म्हटल्यावर त्यानं आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. "पुलात काय बघता? पूल तर पूल."

गोवर्धन घाटाचा पूल तसा अलीकडचा. 2008 मध्ये गुरू-ता-गद्दीची, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याची, त्रिशताब्दी झाली, त्या काळात केंद्राच्या नागरी योजनेतून शहरात कामांचा धडाका लागला होता, त्यातलं हे काम. पलीकडे कौठा. पुलाच्या मध्यावर उभं राहिलं की एका बाजूला घाटाच्या पायऱ्या, झाडं, चितेचा धूर. दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींची रांग. पाणी संथ, काठाला जलपर्णी. मी दहा-पंधरा मिनिटं कठड्याला टेकून होतो, तेवढ्यात एक स्कूटर थांबली. मागे बसलेल्या बाईंनी पिशवीतलं निर्माल्य काढलं, हात जोडले आणि फुलं प्लास्टिकच्या पिशवीसकट खाली सोडली. पिशवीत हवा होती, ती बुडली नाही, तरंगत पुलाखालून गेली. नवरा स्कूटर चालूच ठेवून बसला होता. नमस्कार दोघांनी केला, नदीकडे बघितलं कुणीच नाही.

तिथून काठाकाठानं चालायला मजा येते, पण सलग चालता येत नाही. घाट संपतो, भिंत लागते, गल्लीत शिरायचं, पुन्हा पाण्यावर यायचं. बंदा घाट, नगीना घाट इथे मात्र पायऱ्या स्वच्छ आणि माणसं निवांत. नगीना घाटाहून सचखंड गुरुद्वारा हाकेच्या अंतरावर. गुरू गोविंदसिंगजी 1708 मध्ये इथंच ज्योतीज्योत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला, आणि महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात आजची वास्तू उभी केली. लंगरमध्ये जेवलो. वाढणारा सेवादार "और लो जी, और लो जी" म्हणत डाळ ओतत होता आणि शेजारी बसलेले कंधारकडचे एक आजोबा त्याला "बस झालं लेकरा" असं मराठीतच सांगत होते. दोघांचं व्यवस्थित चाललं होतं.

गोदावरीवर आणखी एक पूल आहे, त्याला नवा पूलच म्हणतात. तिथं फार थांबलो नाही. वाहनांची रीघ, हॉर्न, ट्रक गेला की पायाखाली थरथर. जुन्या नांदेडचा माणूस पूल चढतो आणि सिडको-हडकोच्या वसाहतींत उतरतो. बाजार, मोंढा, कचेऱ्या या काठाला, राहायला लोक त्या काठाला, त्यामुळे सकाळी सगळे इकडे आणि संध्याकाळी सगळे तिकडे. यात पायी जाणाऱ्याला जागा म्हणजे कठड्याला लागून असलेली एक पट्टी. तीही कुठे भाजीवाल्यानं, कुठे उभ्या मोटारसायकलींनी घेतलेली. माझं स्पष्ट मत आहे की नदीच्या गावात निदान एक पूल फक्त चालणाऱ्यांसाठी असावा. नगीना घाटासमोर असा पादचारी पूल झाला तर यात्रेकरूंची सोय होईलच, पण नांदेडकरालाही संध्याकाळी नदीवर उभं राहायला ठिकाण मिळेल. आज त्याला नदी दिसते ती गिअर बदलता बदलता.

आता देगलूर नाक्याजवळचा जुना पूल. या पुलासाठीच मी आलो होतो म्हटलं तरी चालेल. पावसाळ्यात नांदेडच्या प्रत्येक बातमीत त्याचं नाव असतं, कारण गोदावरीची पातळी इथं मोजतात. इशारा पातळी 351 मीटर, धोका पातळी 354 मीटर. हे आकडे समुद्रसपाटीपासूनचे, नदीच्या तळापासूनचे नव्हेत. बाहेरच्या माणसाला 351 मीटर ऐकून धडकी भरते, इथल्या शाळकरी पोरालाही त्याचा अर्थ कळतो. खांबावर रंगवलेले आकडे वाचायला मी खाली काठापर्यंत उतरलो. वरच्या पट्ट्या बऱ्यापैकी उजळ आहेत, खालच्या गाळानं माखलेल्या. दोन आकड्यांच्या मध्ये वाळलेल्या पालापाचोळ्याचा आणि चिंध्यांचा एक पट्टा चिकटलेला होता. पाणी कुठपर्यंत आलं होतं ते आकड्यांपेक्षा त्या चिंध्यांवरून लवकर कळतं.

या खांबावरचं पाणी येतं तरी कुठकुठून? पैठणला जायकवाडीनं सोडलं की ते इथं. माजलगावचं सिंदफणेतून इथं. येलदरी-सिद्धेश्वरचं पूर्णेतून इथं. शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरी धरणाचे 18 दरवाजे, त्यांतले किती उघडले यावर गावाची झोप अवलंबून. वरून पाणी येतंच, शिवाय खाली तेलंगणातल्या पोचमपाड धरणाचा फुगवटा असला की पूर ओसरायलाही वेळ लागतो. पुलाजवळ मक्याची कणसं भाजणाऱ्या मावशींना म्हटलं, "इथं पाणी किती येतं हो?"

"माझी शेगडी आहे ना, तिथंवर येतं," त्या म्हणाल्या. "मग मी तिकडं वर लावते."

"भीती नाही वाटत?"

"गंगाय ती. ती येते, जाते. भाव कमी होणार नाही, वीसचंच आहे."

दुसऱ्या दिवशी आसनेवर गेलो. नांदेडची ही दुसरी नदी शहराच्या उत्तरेकडून वळसा घालून खाली गोदावरीला मिळते. त्यामुळे अर्धापूर-नागपूरकडे निघालेल्याला आसना, मालेगाव रस्त्यानं निघालेल्याला पासदगावजवळ पुन्हा आसना, आणि मुदखेडकडे जाणाऱ्या रेल्वेलाही आसनाच. उन्हाळ्यात ही नदी आहे हे सांगावं लागतं. पण गोदावरी भरली की आसनेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. पासदगावचा पूल पाण्याखाली गेल्याची बातमी दर मोठ्या पावसात येते ती यामुळं. नागपूर रस्त्यावरच्या पुलावर मी जेमतेम पाच मिनिटं काढली. उसाच्या ट्रॅक्टरमागे एवढी रांग होती की नदीपेक्षा ड्रायव्हरांचे चेहरेच जास्त बघितले.

राहिला रेल्वेपूल. बासर दूर, म्हणून उलट दिशेला, परभणीहून परळीच्या गाडीत बसलो. ही लाइन मात्र गोदावरी ओलांडते, गंगाखेडच्या अलीकडं. पोखर्णी गेलं आणि डब्यात हालचाल सुरू झाली. झोपलेल्यांना उठवलं गेलं, खिडकीकडच्या जागांवर बायका सरकल्या. चाकांचा आवाज बदलला. काळ्या रानावरचा दबका खडखडाट जाऊन एकदम पोकळ, मोठा, खालून वर येणारा आवाज. समोरच्या आजींनी कनवटीचं नाणं काढून कपाळाला लावलं आणि माझ्या हातात दिलं. "खिडकीत तू हायस, तूच टाक बाबा. नीट टाक, लोखंडाला लागलं तर खाली जात नाही."

मी टाकलं. टण्णकन लोखंडाला लागलंच ते, आणि पुढे पाण्यात गेलं की वाळूत ते दिसलं नाही. आजींनी नवं नाणं काढलं, या वेळी माझ्याकडे न देता स्वतः उठून, माझ्या मांडीवर कोपर रोवून टाकलं. खाली पात्र अर्धं कोरडं होतं, मधोमध पाण्याची एक धार, बाजूला वाळू काढून झालेले खड्डे. पूल संपला तशा बायका पुन्हा आपापल्या जागी गेल्या आणि उतरणाऱ्यांची दाराशी गर्दी झाली. गंगाखेडला उतरून जनाबाईंच्या समाधीला गेलो, तिथून नदीवर. घाटावर रेल्वेपुलाची चौकशी केली तर एक जण म्हणाला, "त्यात काय बघायचं? गाडी जाते त्याच्यावरून." त्या ऑटोवाल्याचा भाऊच भेटला.

कुणाला असं फिरायचं असेल तर दिवाळीनंतर या. पाणी असतं, ऊन सोसवतं. गोवर्धन घाटाला सकाळी, जुन्या पुलाला दुपार टळल्यावर, नगीना घाटाला संध्याकाळी. परभणी-परळी गाडीची वेळ आधी बघून ठेवा, आणि जाताना-येताना एकदा डाव्या, एकदा उजव्या खिडकीत बसा. भर पावसाळ्यात जुन्या पुलाची पातळी 351 च्या पुढं गेल्याचं ऐकलं तर बघायला मुळीच येऊ नका. त्या दिवशी पुलावर गर्दी हटवता हटवता पोलिसांच्या नाकी नऊ आलेले असतात.