सरकीची नखे

मागच्या वैशाखातल्या एका दुपारी सरकी प्रथमच दुकानातून अंघोळ करून घरी आली, आणि तिला आमच्या घराचा वास येत नव्हता. गळ्यात लाल रिबीन, गालांवरचे केस एका दिशेने विंचरलेले, पंजे सोललेल्या अंड्यासारखे पांढरे, आणि सर्वांगाला लग्नाच्या मांडवात वऱ्हाडावर शिंपडतात तसल्या गुलाबपाण्याचा दरवळ. दारातून आत शिरताच तिने माझ्याकडे न पाहता थेट पायपुसणे गाठले आणि मान, पाठ, दोन्ही गाल आळीपाळीने त्यावर इतका वेळ घासले की आठशे रुपयांपैकी निदान दोनशे तरी तिथेच उतरले असावेत. मला फार बरे वाटले, आणि हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

सरकी ही दाट पांढऱ्या केसांची, टोकदार कानांची आणि शेपटी पाठीवर वळवून चालणारी आमची कुत्री. लातुरात अशा कुत्र्याला सगळे सरसकट ‘पामेरियन’ म्हणतात; खरे म्हणजे ही आपल्याकडेच रुळलेली स्पिट्झ आहे, पण गल्लीत ही दुरुस्ती कोणी स्वीकारली नाही आणि मीही आता ती करीत नाही. घरी आणली तेव्हा ती ओंजळीत मावत होती आणि फुटलेल्या बोंडासारख्या त्या गोळ्यात दोन काळे डोळे नि एक काळे नाक एवढेच काय ते दिसत होते, म्हणून मुलीने तिचे नाव सरकी ठेवले. वर्षातून दोनदा ती आतली लव टाकते आणि तेवढे दिवस आमच्या घराची जिनिंग फॅक्टरी होते. एकदा नववीच्या एका मुलाने तपासलेली उत्तरपत्रिका परत आणून दिली आणि बेरजेखाली चिकटलेला केस चिमटीत धरून अत्यंत आदराने विचारले, “बाई, हे तुमचं हाय का?”

तिला अंघोळ घालणे हे इतकी वर्षे माझेच काम होते. रविवारी सकाळी दोरीवरचा जुना पंचा मी हातात घेतला की ती दिवाणाखाली जाई. नऊ किलोची कुत्री ओढून बाहेर काढताना वीस किलोची कशी होते, हे कोडे मला सुटलेले नाही. मोरीत नेण्याआधी तिला आधी विंचरावे लागते, कारण अशा केसांत कोरडेपणी राहिलेली गुंत पाणी लागले की घोंगडीसारखी घट्ट बसते आणि मग कात्रीशिवाय इलाज उरत नाही. हे मला एकदा कात्री चालवावी लागली तेव्हा समजले. मग कानांत कापसाचे बोळे (सरकीच्या कानात कापूस, हा विनोद आमच्या घरात अजून शिळा झालेला नाही), मग कोमट पाणी आधी पायांवर, मग पाठीवर, आणि डोके सर्वांत शेवटी. कारण डोके भिजले की ती अंग झटकते आणि त्यानंतर अंघोळ कोणाची चालली आहे हे सांगता येत नाही. पहिली दोन वर्षे मी तिला माझाच शाम्पू लावीत होते. तिच्या पाठीवर कोंडा धरू लागला तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले की माणसाची कातडी किंचित आंबट गुणाची असते, कुत्र्याची तशी नसते, शिवाय ती आपल्यापेक्षा पातळ असते, तेव्हा आपला शाम्पू तिला सोसत नाही. आमच्या सासूबाई मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की रिठे उकळून लावले असते तर काही झाले नसते.

या कामाला सक्तीची सुटी मिळाली ती २०१६ च्या उन्हाळ्यात. त्या वर्षीच्या लातूरविषयी लातूरकरांना सांगायला नको. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा लोक ती गाडी पाहायला गेले होते, आणि घरात पाहुणा आला तर चहाआधी त्याच्या मुक्कामाचा हिशेब मनात होत होता. अशा दिवसांत कुत्रीसाठी तीन बादल्या पाणी ओतणे हे मनात आणणेसुद्धा पाप होते, आणि समजा आणले असते तरी मोरीतले पाणी गल्लीतल्या नाल्यात वाहताना शेजाऱ्यांनी पाहिले असते. चार महिने सरकीला पाण्याचा थेंब लागला नाही. मी रोज संध्याकाळी गच्चीवर बसून तिला विंचरीत असे आणि भाजी धुतलेल्या पाण्यात फडके पिळून तिचे पाय पुसत असे. मला वाटले होते की जूनपर्यंत घरात बसवणार नाही. पण ती ना मळली, ना तिला वास आला. रोज फणी फिरत असली तर अशा कुत्रीला महिनोन् महिने पाणी लागत नाही, हे मला दुष्काळाने शिकवले. आखूड केसांच्या कारवान जातीच्या कुत्र्याला तर तेवढेही लागत नाही. माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या दर्शनानंतर जनावरांच्या बाजूला फिरताना मी एका माणसाला आपला उंच, सडपातळ कारवान केवळ ओल्या धोतराच्या पदराने पुसताना पाहिले होते, आणि दोन मिनिटांत ते जनावर पितळेसारखे लखलखत होते. सरकीच्या केसांच्या ढिगासमोर बसून मला त्या माणसाचा पुष्कळदा हेवा वाटलेला आहे.

पण आता तिचे गुडघे गेले आणि माझेही. मोरीत उकिडवे बसल्यावर उठायला भिंत धरावी लागते, आणि तिला उचलून ठेवावे तर माझी कंबर बोलते. मुलगी पुण्यात असते. तिच्या सोसायटीच्या फाटकाशी गाडी येते, गाडीतच कुत्र्याला अंघोळ घालतात, वाळवतात आणि फोटो पाठवतात. तिने फोनवर सांगितले, “आई, तुमच्या दोघींच्या मिळून चार गुडघ्यांपैकी एक तरी शाबूत आहे का? मी इथून पैसे भरते, तू तिला फक्त दुकानात ने.” कुत्र्याला चार गुडघे असतात की दोन, यावर आम्ही थोडा वेळ भांडलो आणि मी हरले, म्हणजे दुकानात जायचे ठरले.

दुकानातला मुलगा पंचविशीच्या आतला असेल. त्याने मला काचेच्या दाराबाहेर बसवले आणि म्हणाला, “काकू, तुम्ही समोर असला की ती तुमच्याकडं बघत राहील.” तिथून मी जे पाहिले ते मला अजून सहन झालेले नाही. कमरेइतक्या उंचीचा हौद, त्यात पाय घसरू नये म्हणून रबराची चटई, नंतर एक उंच टेबल, त्याच्या लोखंडी दांड्याला अडकवलेला गळ्यातला मऊ फास, आणि कानठळ्या बसवणारा गरम हवेचा पंप. आणि या सगळ्यात सरकी, जी माझ्या पदराचे लचके तोडते, ती तपासणीला साहेब आल्यावर वर्गातला सर्वांत दांडगा मुलगा हाताची घडी घालून बसतो तशी उभी. तिने शेपटीसुद्धा हलवली नाही. तो मुलगा तिच्याशी फारसे बोलतही नव्हता. मी घरी तिला अंघोळ घालताना देवाच्या आरतीपासून महागाईपर्यंत अखंड बोलत असते, आणि कदाचित तेच तिला असह्य होत असेल. पण हा विचार मी तेव्हा पुढे जाऊ दिला नाही.

त्याचे काम उत्तम होते, हे मात्र सांगितले पाहिजे. त्याने हात केसांच्या उलट्या दिशेने फिरवीत नेले आणि मागच्या डाव्या पायाच्या दोन बोटांच्या बेचकीतून एक टपोरी गोचीड काढली. तो पाय मी रोज कुरवाळते. त्याने चिमटा अगदी कातडीला टेकवून, न पिळता, सरळ ओढली, आणि माझ्यासमोर धरून काही न बोलता बाटलीत टाकली. त्याच्या न बोलण्याने मी जास्त शरमले. दुसरे असे की, आमच्या गल्लीत दर मार्चला कोणी ना कोणी सल्ला देतो की या उन्हात हिचे टक्कल करून टाका, बिचारीला किती उकडत असेल. मीही ते त्याला विचारले. त्याने मशीन हातात घेतले नाही. “हिला दोन थराचे केस आहेत, काकू. वरचा थर उन्हाला अडवतो. काढला की ऊन थेट कातडीवर, आणि परत येतात तेव्हा पहिल्यासारखे येतीलच असं नाही.” जास्तीच्या तीनशे रुपयांना त्याने स्वतःहून नकार दिला, तेव्हा माझा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा गुलाबपाण्यावर आहे आणि तो तसाच राहील.

राहता राहिली नखे. तरुणपणी सरकीची नखे डांबरी रस्त्यावर आपोआप झिजत. आता चालणे कमी झाल्यापासून ती वाढतात आणि फरशीवर टकटक वाजतात. कुत्री पांढरी असली तरी नखे काळी आहेत, त्यामुळे आतली रक्ताची नस कुठवर आली आहे ते दिसत नाही. एकदाच मी धाडस केले होते. कात्री एका दाण्याइतकी पुढे गेली, ती किंचाळली, रक्त थांबेना, मी हळद दाबून धरली, फरशी पिवळी आणि लाल झाली. जखम दोन दिवसांत भरली. पण त्यानंतर तीन आठवडे तिने मला पंजा दिला नाही, आणि रोज देवपूजेनंतर प्रसाद मागायला पंजा पुढे करण्याची तिची रीत असल्यामुळे ते तीन आठवडे घरात सर्वांच्या लक्षात राहिले.

आजोबांना हे आधीपासून ठाऊक होते. औराद शहाजानीच्या बाजूला, मांजरेच्या काठी आमचे शेत होते, आणि आजोबांकडे देवणी बैलांची जोडी होती. त्यातला एक वानेरा, म्हणजे अंगाने पांढरा आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते स्वतः दोघांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळीत आणि “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या” म्हणत. दुसऱ्या दिवशी बैल नदीवर नेऊन धुण्याचे काम त्यांनी कधी सालगड्याला करू दिले नाही. माझ्याकडे शेपटीचा गोंडा असे. तो मी नारळाच्या काथ्याने घासत बसायची आणि वानेरा मधूनच शेपटी फिरवून मला सपकन ओले करायचा. आजोबा मानेखालची पोळी धूत, कानामागे बोट घालून पाहत, डोळ्यांच्या कडा धोतराच्या सोग्याने टिपत. शिंगे साळणे, हिंगूळ लावणे, नवी वेसण, झूल, सगळे त्यांच्या हातचे. त्यांना कोणी म्हटले की गडी आहेत की करायला, तर ते उत्तर देण्याच्या भानगडीत पडत नसत.

पत्र्या मारायच्या दिवशी मात्र ते वेगळे वागत. आठवडी बाजारात नालबंद बसे. बैलाला दोर गुंडाळून एका कुशीवर पाडायचे, चारी पाय एकत्र बांधायचे, नख्या तासून सपाट करायच्या आणि प्रत्येक पायाला दोन अशा आठ लोखंडी पत्र्या खिळ्यांनी ठोकायच्या. खिळा बाहेरच्या कवचातच राहिला तर बैलाला काही होत नाही. रेसभर आत गेला तर महिनाभर लंगडतो. हे काम आजोबांना येत नव्हते असे नाही, कारण बाभळीचा काटा रुतलेला बैलाचा खूर त्यांनी कितीदा तरी कोरलेला मी पाहिला होता. पण वानेऱ्याला पाडायची वेळ आली की ते दोर गड्याच्या हाती देऊन निघून जात आणि पलीकडच्या लिंबामागे पाठमोरे उभे राहत. एकदा मी त्यांच्यामागे गेले तेव्हा त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून गप्प केले आणि हळूच म्हणाले, “त्याला कळू नये मी हितं हाय म्हणून.” हातोडीचे ठोके थांबले, बैल धडपडत उठला, की ते झाडाला वळसा घालून दुसऱ्याच बाजूने येत, आत्ताच बाजारातून आल्यासारखे, हातात गुळाचा खडा घेऊन, आणि वानेऱ्याला विचारीत, “कुठं गेलतास रं तू? मी सगळ्या बाजारात हुडकायलोय.”

म्हणून आता आमच्याकडे अशी वाटणी झाली आहे की अंघोळ घरी, आणि नखे दुकानात. अंघोळीसाठी मी मोरीत एक लाकडी पाट ठेवला आहे आणि तिच्यासाठी एक जुनी सतरंजी. आम्ही दोघी सावकाश, पूर्वीच्या दुप्पट वेळ लावून ते काम करतो. नखांच्या दिवशी मी तिला दुकानात सोडते, आणि काचेबाहेर न बसता रस्ता ओलांडून समोरच्या रसवंतीच्या मागे जाऊन उभी राहते. काम संपले की वळसा घालून येते आणि तिला विचारते की कुठे होतीस इतका वेळ. पहिल्या दोन खेपांना ती माझ्या अंगावर अशी आली की जणू मी तिला सोडवायलाच धावून आले आहे. मला आजोबांच्या शहाणपणाचा अभिमान वाटला.

परवा तिसरी खेप होती. वीज गेली होती म्हणून त्या मुलाने काचेचे दार उघडे टाकले होते. मी चरकाच्या आडून वाकून पाहिले. सरकी टेबलावर उभी होती, पंजा त्याच्या हातात होता, तिने तो ओढून घेतला नव्हता; पण मान पूर्ण वळवून ती रसवंतीकडे पाहत होती आणि तिचे नाक सारखे हलत होते. वारा माझ्या पाठीमागून तिच्याकडे वाहत होता.

औरादच्या बाजारात आजोबा लिंबामागे उभे असत तेव्हा वारा कुठल्या बाजूचा असे, ते मी कधी पाहिले नव्हते.