दर्या, दऱ्या आणि काकांचा फोन नंबर

मार्चात देवगडला आमच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नसते. आंब्याच्या पेट्या, गवत, आणि मधोमध फोन घेऊन बसलेले काका. मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी ते स्वतःच फॉर्ममध्ये भरतात. फॉर्म मी केलेला. पहिल्याच सकाळी हाक आली, "गो बाय, ह्यां नंबर घेणा नाय."

दहाच्या दहा आकडे बरोबर होते, फक्त मराठी कीबोर्डवरून टाकलेले. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकूर तपासायच्या साच्यात, बॅकस्लॅश-डी म्हणजे निव्वळ इंग्रजी शून्य ते नऊ. देवनागरी ५ आकड्यात बदलायला गेलं तर हाती नॅन, म्हणजे 'हा आकडा नाही', येतं. माझ्या सर्व्हरवर पायथन ३ आहे, तिथे मात्र तोच बॅकस्लॅश-डी देवनागरी अंक चालवून घेतो, मजकुराचा आकडा करणारं इंट फंक्शनसुद्धा घेतं. म्हणून सर्व्हरच्या सगळ्या चाचण्या पास, आणि काका ब्राउझरमध्ये अडलेले.

"इंग्रजीत टाका" असं त्यांना सांगायची माझी तयारी नव्हती. ते जन्मभर पेटीवर ५ डझन असंच लिहीत आलेत. बदलायचं तर फॉर्मने. त्याला एक ओळ पुरते (नावं इथे देवनागरीत लिहिते आहे, एडिटरमध्ये सगळं इंग्रजीत टाका, फक्त चौकटी कंसातले ०-९ देवनागरीच ठेवा):

नंबर.रिप्लेस(/[०-९]/जी, क => क.चारकोडॲट(०) - २४०६)

युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे, पुढचे नऊ ओळीने येतात. ही ओळ तपासणीच्या आधी चालवा, नंतर नाही. उलट्या दिशेलाही जपा: आकडे छापणाऱ्या इंटल.नंबरफॉरमॅटला एमआर-आयएन (मराठी, भारत) दिलं की तो किंमत आपोआप ४,५०० अशी देवनागरीत छापतो. ती पानावरून परत वाचून बेरीज करू नका, मूळ आकडा वेगळा ठेवा.

पत्त्याचं प्रकरण जास्त जिव्हारी लागलं. आमच्याकडे "पऱ्याजवळ" (पऱ्या म्हणजे ओहोळ) हा अर्ध्या गावाचा पत्ता. लेबलवर छापून आलं "पर्याजवळ". दोष माझ्याच सफाईच्या फंक्शनचा होता: चिकटवलेल्या मजकुरातली अदृश्य अक्षरं मी सरसकट काढत होते. पण हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि मागे झेडडब्ल्यूजे हा अदृश्य जोडणारा, म्हणजे युनिकोडमधला यू+२००डी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. तो जोडणारा काढला की र डोक्यावर रफार होऊन बसतो आणि दऱ्यांचा दर्या होतो. किनाऱ्यावर राहून ही चूक मी करावी, याचं मला फार वाईट वाटलं.

आता क्रम असा: आधी नॉर्मलाइज एनएफसी (सुटे तुकडे जोडून एकच रूप करणं), त्याने र आणि नुक्ता (खालचं टिंब) मिळून एकच ऱ होतो. मग र, हलन्त, २००डी या त्रिकुटाच्या जागी ऱ आणि हलन्त. सफाईत फक्त २००बी, ती शून्य रुंदीची जागा, काढते; बाकीच्यांना हात लावत नाही. शोधाच्या शब्दालाही हेच लावा, नाहीतर समोर दिसणारा पऱ्या शोधून सापडत नाही.

सेटअपमधलं थोडं. गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) कोअर.कोटपाथ फॉल्स करा, मग मराठी नावाच्या फायली स्टेटसमध्ये आकड्यांच्या जंजाळाऐवजी नावाने दिसतात. एचटीएमएल टॅगला लँग एमआर द्याच, काही फॉन्ट त्यावरूनच मराठी वळणाचे ल आणि श काढतात. बटणाची उंची पक्की बांधू नका, वेलांट्या कापल्या जातात.

काकांनी अडवलेली प्रत्येक नोंद मी चाचण्यांच्या फाइलमध्ये ठेवते, ग्राहकाचं नाव आणि नंबर बदलून. काल संध्याकाळी त्यांनी नगाच्या रकान्यात लिहिलं, "अडीच पेटी". दीड आणि अडीचची ओळ आज लिहायला घेतली आहे.