लोलक

“गाडी दिसते हो मॅडम. पण ती नेमकी कुठे आहे, तेच कळत नाही.”

खुर्चीत बसता बसता त्या हे म्हणाल्या आणि मी नुसतं “हं” केलं. हातात मोजपट्टी होती, डोक्यावर खुणा करायच्या होत्या आणि बाहेर अजून पाच जण थांबले होते. त्या “हं”चं मला आजही वाईट वाटतं.

मी मेंदूच्या विद्युत तपासण्या करणारी तंत्रज्ञ आहे. ईईजी काढते. शिवाय डोळ्यांतून, कानांतून, हातापायांतून निघालेला संदेश मेंदूपर्यंत पोचायला किती वेळ घेतो, तेही मोजते. मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे एमएसचे रुग्ण माझ्याकडे बहुधा या दुसऱ्या कामासाठी येतात. साध्या ईईजीत त्यांच्या आजाराचं फारसं काही हाती लागत नाही. खरी अडचण वाटेत असते. मज्जातंतूंभोवती मायलिनचं वेष्टण असतं आणि त्या वेष्टणात ठरावीक अंतरावर फटी असतात. संदेश या फटीवरून त्या फटीवर उड्या मारत जातो, म्हणून तो इतका वेगवान असतो. एमएसमध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती हे वेष्टण खराब करते. मग संदेश रखडतो, कधी मध्येच विरून जातो.

या बाई चौतिशीच्या. तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा डोळा दुखू लागला होता, फिरवला की जास्तच. लाल रंग धुतल्यासारखा फिका दिसायचा. काही आठवड्यांत नजर परत आली आणि तो विषय तिथेच संपला. पुढे पाय बधिर झाले, एमआरआय झाला, निदान झालं. आता डोळ्यांच्या तपासणीच्या कागदावर दोन्ही बाजूंना ६/६ लिहिलेलं होतं. तक्ता त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होत्या.

सोबत मोठा भाऊ आला होता. “डोळे चांगले आहेत असं सांगितलंय,” तो म्हणाला, “पण रस्ता ओलांडायचा म्हटलं की ही जागची हलत नाही. मनात भीती बसलीय तिच्या. मी सारखं सांगतो, जरा धीट हो.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. बाई काहीच बोलल्या नाहीत. या वाक्याला उत्तर देऊन देऊन त्या थकल्या असाव्यात.

नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत अंतर भरलं ३६ सेंटिमीटर. त्याचा दहावा भाग, म्हणजे उंचवट्यापासून ३.६ सेंटिमीटर वर, पहिली खूण. दृष्टीचा संदेश मेंदूत जिथे उतरतो ती जागा या खुणेच्या आत आहे. केस बाजूला करून त्वचा घासली, पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवला. दुसरा कपाळाच्या वर, तिसरा अर्थिंगचा. त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यातला विजेचा रोध ५ किलोओहमच्या खाली आल्याशिवाय मी पुढे जात नाही.

मग डावा डोळा उघडा, उजव्यावर पट्टी. समोर एक मीटरवर पडदा, त्यावर काळे-पांढरे चौकोन, मध्ये लाल ठिपका. सेकंदाला दोनदा काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होतात. प्रत्येक बदलाला मेंदू उत्तर देतो, पण ते उत्तर काही मायक्रोव्होल्टचं असतं आणि मेंदूची स्वतःची कुजबुज त्याहून कितीतरी मोठी. एका उत्तरात काहीच दिसत नाही. शंभर उत्तरं एकावर एक ठेवून सरासरी काढली की कुजबुज दहापट खाली बसते आणि लहर वर येते. ही सरासरीची युक्ती १९५० च्या दशकात जॉर्ज डॉसन यांनी रुळवली. सगळं मिळून जेमतेम मिनिटभराचं काम. निरोगी डोळ्यात १०० मिलिसेकंदांच्या आसपास एक ठळक शिखर येतं. त्याला आम्ही पी-१०० म्हणतो.

डावा डोळा: १०२. पुन्हा घेतला: १०३. छान.

उजवा डोळा: १३६.

लहर सुबक होती, उंचीही चांगली. फक्त सगळी उजवीकडे सरकलेली. तरीही माझ्या मनात पहिला विचार आला तो बाईंचं लक्ष नसल्याचा. “ताई, लाल ठिपक्याकडेच बघायचं हं, नजर हलू देऊ नका,” मी जरा करड्या आवाजात म्हणाले.

“मी त्याच्याकडेच बघत होते.”

दुसऱ्यांदा १३५. मग मी माझंच काम तपासलं. चष्मा होता, अंतर बरोबर होतं, इलेक्ट्रोड घट्ट होते. तोवर त्यांचे डोळे मिटू लागले होते. एमएसचा थकवा हा एक वेगळाच थकवा असतो, झोप काढून न जाणारा, आणि तो मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. पाच मिनिटं थांबले, खोली थोडी गार केली, कारण उष्णतेनं या रुग्णांची नजर तात्पुरती मंदावू शकते. तिसऱ्यांदा पुन्हा १३६. तिन्ही रेषा एकमेकींवर ठेवल्या तर एकच रेष वाटावी.

चूक बाईंची नव्हती आणि यंत्राचीही नव्हती. डोळ्याची नस बरी होते, अक्षरं पुन्हा स्वच्छ दिसतात, पण हा उशीर पुष्कळदा वर्षानुवर्षं राहतो. हॅलिडे, मॅकडॉनल्ड आणि मुशिन या संशोधकांनी १९७२ मध्ये तो दाखवून दिला, तेव्हापासून ही तपासणी एमएसच्या निदानात वापरली जाते. हे सगळं मला पाठ होतं. मी रोज अशा लहरी बघते, आकडा लिहिते आणि पुढच्या रुग्णाला हाक मारते. उशीर म्हणजे अहवालातला एक रकाना, इतकीच माझी त्याच्याशी ओळख होती.

इलेक्ट्रोड काढताना मी, खरं तर करड्या बोलण्याची भरपाई म्हणून, विचारलं, “ताई, गाडीचं मघाशी काय म्हणत होता तुम्ही?”

त्यांनी भावाकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, “समोरून डावीकडून उजवीकडे गाडी चालली ना, की ती माझ्या अंगावर आल्यासारखी वाटते. उजवीकडून डावीकडे जाणारी मात्र लांबून गेली असं वाटतं. मग वारा लागतो तेव्हा कळतं किती जवळून गेली ते.”

माझे हात थांबले. भीतीला डावं-उजवं कळत नाही. यात मात्र एक नियम होता, आणि तो पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांशी जुळत होता.

दोन डोळ्यांत ३३ मिलिसेकंदांचा फरक. ताशी ३६ किलोमीटरनं जाणारी गाडी एवढ्या वेळात ३३ सेंटिमीटर पुढे जाते. पी-१०० मधला फरक आणि मेंदूला जाणवणारा फरक तंतोतंत एकच असतो असं नाही, पण अंदाज यावा. म्हणजे डावा डोळा सांगतो गाडी इथे आहे, आणि उजवा त्याच क्षणी तिची जरा आधीची जागा दाखवतो. मेंदू दोन डोळ्यांच्या चित्रांतल्या फरकावरूनच अंतर ठरवतो. त्याला चित्र शिळं आहे हे कळायला वाव नाही. तो या फरकाचाही अर्थ अंतर असाच लावतो. थांबलेल्या वस्तूची आधीची जागा आणि आताची जागा एकच, त्यामुळे तक्ता वाचताना काही चुकत नाही. चुकतं ते फक्त हलणाऱ्या गोष्टींचं.

मी डॉक्टरांना बोलावलं. निदानाबद्दल, निकालाबद्दल रुग्णाशी बोलणं माझं काम नाही, आणि ते मी पाळते. त्यांनी रेषा पाहिल्या, बाईंचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे दोरा मागितला. चिकटपट्टीचं रीळ दोऱ्याला बांधून त्यांनी ते पांढऱ्या भिंतीसमोर, भिंतीला समांतर, झुलवलं.

“कसं हलतंय?”

“गोल,” बाई लगेच म्हणाल्या. “माझ्याकडे येतंय, मग भिंतीकडे जातंय.”

“गोल कुठे?” भाऊ म्हणाला. “सरळ तर हलतंय.”

डॉक्टरांनी कपाटातून करड्या रंगाची काच काढली आणि बाईंच्या डाव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यापुढे धरली. डोळ्याला उजेड कमी मिळाला की त्याचा संदेश जरा उशिरा निघतो. चांगला डोळा मंदावला आणि दोघं बरोबरीला आले. रीळ पुन्हा झुलवलं. बाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. “आता सरळ हलतंय,” त्या म्हणाल्या, आणि काच बाजूला करून परत लावून पाहिली. पुन्हा सरळ. यानं आजार हटत नाही, नस दुरुस्त होत नाही; पण चष्म्याच्या एका भिंगाला असा रंग देता येतो आणि काही रुग्णांना त्यानं चालताफिरताना बरं वाटतं, हे डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं.

या भासाला पुलफ्रिख यांचं नाव आहे. कार्ल पुलफ्रिख जर्मनीत येना इथे झाइस कंपनीत काम करत, १९२२ मध्ये त्यांनी यावर लिहिलं. स्वतः त्यांना तो कधी पाहता आला नाही, कारण त्यांचा एक डोळा निकामी झाला होता. ज्यांना हे दिसत होतं त्यांच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. माझं मन त्या दिवशी याच गोष्टीवर पुन्हा पुन्हा जात होतं.

मग डॉक्टरांनी ती काच भावाच्या हातात दिली. “तुमच्या उजव्या डोळ्यापुढे धरा. दोन्ही डोळे उघडे ठेवा.”

निरोगी माणसालाही एका डोळ्यापुढे गडद काच धरून हे दिसतं. त्यानं काच धरली. रीळ झुललं. तो एक पाऊल मागे सरला. काच काढली, परत लावली.

“हे असं?” तो बहिणीला म्हणाला. “तुला तीन वर्षं हे असं दिसतंय?”

“सांगत होते ना, दादा.”

तो काही बोलला नाही. काच डोळ्यापुढेच ठेवून त्यानं डॉक्टरांना रीळ आणखी एकदा झुलवायला सांगितलं.

अहवालात मी दोन्ही आकडे लिहिले, खाली तीनदा पडताळल्याची नोंद केली. मग शेऱ्याच्या जागी, जिथे मी एरवी काही लिहीत नाही, तिथे बाईंचे शब्द जसेच्या तसे उतरवले: उजवीकडून डावीकडे जाणारी मात्र लांबून गेली असं वाटतं. मग वारा लागतो तेव्हा कळतं किती जवळून गेली ते.