रायटर, वाढीव वेळ आणि श्रीलिपीतल्या नोट्स: कॉलेजातला माझा अनुभव

मला स्टारगार्ट आहे. डोळ्याच्या पडद्याच्या या आजारात नजरेचा मधला भाग जातो, कडेचा शाबूत राहतो. म्हणून मी काठीशिवाय चालते, जिना उतरते, पण पुस्तकातली ओळ दिसत नाही. २०१९ मध्ये पुण्यात बीएला प्रवेश घेतला, तेव्हा जो तो पहिलं वाक्य हेच बोलायचा, "अगं, तू तर व्यवस्थित चालतेस की!"

दहावी-बारावीच्या सवलतींचं सगळं शाळेने पाहिलं होतं. कॉलेजात तसं कुणी आपणहून पाहत नाही. हक्क कायद्यात असतो, पण तो कुठल्या कागदावर, कुणाकडे मागायचा, हे कुठेच एकत्र लिहिलेलं सापडत नाही. माझं पहिलं वर्ष बहुतेक त्यातच गेलं, म्हणून हे लिहितेय.

यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं काम सरळ होतं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी. ज्यांचं अपंगत्व बाहेरून दिसत नाही, त्यांनी जुने रिपोर्ट सोबत न्यावेतच. बहुतेक सवलतींसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अपंगत्व लागतं.

खरी लढाई रायटरची, म्हणजे परीक्षेत मी सांगेन ते उत्तर लिहून देणाऱ्या माणसाची. परीक्षा विभागाच्या खिडकीवर मॅडम म्हणाल्या, "बाळा, रायटर पूर्ण अंध मुलांनाच मिळतो." मी हिरमुसून परत आले. हॉस्टेलवर एमए करणारा एक सीनिअर दादा होता, पूर्ण अंध. त्याने मोबाईलवर केंद्र सरकारची २९ ऑगस्ट २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं लावली आणि आम्ही ती शेवटपर्यंत ऐकली. अंधत्व, दोन्ही हात बाधित असणं आणि सेरेब्रल पाल्सी असेल तर मागितल्यावर रायटर द्यायचा. बाकीच्यांनी, म्हणजे माझ्यासारख्या अल्पदृष्टीच्या मुलांनीही, सिव्हिल सर्जन किंवा तत्सम अधिकाऱ्याचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र आणायचं. मॅडमना नियम अर्धा माहीत होता, उरलेला अर्धा माझ्या कामाचा होता.

त्या नमुन्यात लिहिण्याच्या शारीरिक मर्यादेचा उल्लेख असतो. डॉक्टर म्हणाले, "हात तर चांगले आहेत तुझे." मी म्हटलं, सर, लिहिता येतं, पण लिहिलेलं आणि छापलेलं वाचता येत नाही. त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र पुढे केलं. मान तिरकी करून, कागद नाकाशी धरून मी मोठा मथळा वाचला. खालच्या बातमीतला एक शब्दही लागला नाही. त्यांनी आणखी काही न विचारता सही केली.

वेळेचंही तसंच. कॉलेजच्या जुन्या पद्धतीने अर्धा तास जास्त मिळायचा. त्या तत्त्वांनुसार तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. मी अर्जात तत्त्वांची तारीख आणि दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम १७ लिहिलं, दोन प्रती केल्या आणि एकीवर आवक शिक्का घेतला. तोंडी विनंत्यांना महिनाभर "बघू" मिळालं होतं, या अर्जाला लेखी होकार आला. तुम्ही अर्ज कराल तेव्हा त्या वेळी लागू असलेली ताजी तत्त्वं पाहा आणि त्यांचीच तारीख घाला.

तेव्हा आपला रायटर आपण आणू शकत होतो, पण तो एक इयत्ता खालचा हवा. मला बारावीतली एक मुलगी मिळाली. तिचं अक्षर सुरेख, पण पहिल्या सरावात माझं वाक्य संपायच्या आत ती पुढचा शब्द स्वतःच लिहून मोकळी व्हायची. आम्ही जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसलो. "परिच्छेद" म्हटलं की नवी ओळ, प्रश्न दोनदा वाचायचा, विशेषनामं अक्षरं फोडून सांगायची, असं ठरवून घेतलं. हा सराव कुणीही टाळू नये, अभ्यासाइतकाच तो महत्त्वाचा आहे. ऐनवेळी रायटर आजारी पडला तर बदलता येत होता आणि वेगवेगळ्या पेपरांना वेगवेगळे रायटर घेता येत होते, हेही त्याच तत्त्वांत होतं.

वर्गात लिहिताना बोटं आखडणारा एक मित्र होता. त्याच्याकडे ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नव्हतं, त्यामुळे त्याची सगळीकडे बोळवण व्हायची. ११ फेब्रुवारी २०२१ ला विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रायटरसाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळी तत्त्वंही आली. हा निकाल आपल्या मुलांपर्यंत अजून पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पुस्तकांचं मात्र दुखणं वेगळं. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, मराठी वाचतो, पण सरांच्या नोट्स श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या. तिथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन खडखडाट ऐकू यायचा. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत बदलून घेतला तेव्हा कुठे नोट्स कळायला लागल्या. सरांना कारण समजल्यावर त्यांनी पुढच्या नोट्स युनिकोडमध्येच दिल्या. त्यांना हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. स्कॅन केलेली पानं गुगल ड्राइव्हच्या ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या सोयीतून काढायची. सुगम्य पुस्तकालय या छापील वाचू न शकणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयाचं सदस्यत्व घ्या, तिथे मराठी पुस्तकंही आहेत. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत करायला परवानगी देतो, हे ग्रंथालयात सांगायला कचरू नका.

पैशांसाठी केंद्राचं नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल आणि राज्याचं महाडीबीटी पोर्टल दोन्ही पाहा. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेच्या डिग्री-डिप्लोमाला असाल तर वर्षाला ५० हजारांची सक्षम शिष्यवृत्तीही आहे.

कॉलेज दाद देत नसेल तर पुण्यातल्या राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. माझ्यावर ती वेळ आली नाही. परीक्षेच्या दोन महिने आधी अर्ज द्या आणि शिक्क्याची प्रत हॉल तिकिटासोबत ठेवा. पेपरच्या दिवशी पर्यवेक्षक नवे असतात, त्यांना तोच कागद दाखवावा लागतो.