परसातील कोंबडी: पाळण्यापासून कापण्यापर्यंत

मांसासाठी कोंबड्या पाळणाऱ्यांत दयेचा विषय निघाला की बोलणे लगेच सुरीवर येते. सुरी महत्त्वाचीच आहे आणि तिच्याविषयी मी पुढे सविस्तर लिहिणार आहे. परंतु परसात कोंबड्या वाढवताना माझे मत असे झाले आहे, की पक्ष्याच्या वाट्याला येणारा बराचसा त्रास कापण्याच्या कितीतरी आधी, जात निवडतानाच ठरून गेलेला असतो.

ब्रॉयलर जातीचे पिल्लू ६ ते ८ आठवड्यांत कापण्याजोगे होते. पिढ्यान्‌पिढ्या निवडक पैदास करून साधलेल्या या वेगात छातीचे मांस झपाट्याने भरते, पण पायांची हाडे आणि हृदय यांना तो वेग पेलत नाही. म्हणून असे पक्षी लंगडू लागतात, काही पोटात पाणी साठून तर काही हृदय बंद पडून मरतात. सावकाश वाढणाऱ्या जातीला १२ ते १६ आठवडे लागतात, ती खाद्य जास्त खाते आणि तिची छातीही लहान निघते. तरीही मी तिचीच बाजू घेईन, कारण ती माती उकरते, धुळीत लोळते, उन्हात पंख पसरून पडते आणि शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर हिंडते. ज्यांना ब्रॉयलरच पाळायचे आहेत त्यांनी निदान रात्री खाद्य काढून घ्यावे आणि दिवसा खाद्य व पाणी एकमेकांपासून दूर ठेवावे, म्हणजे पक्ष्याला चालावे लागते.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे ती दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करावी. तापमापकापेक्षा पिल्लांकडे पाहिलेले बरे: ती दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडते आहे. पिल्लांखाली अंथरलेली भुशाची गादी कोरडी राहिलीच पाहिजे. तिची परीक्षा उभ्याने होत नाही. खाली बसून, पक्ष्याच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्यावा. तेथे अमोनिया झोंबला, तर पक्षी तोच वास दिवसरात्र घेत आहेत.

कापण्यापूर्वी ८ ते १२ तास खाद्य बंद ठेवावे, पाणी मात्र शेवटपर्यंत द्यावे. गळ्यातील अन्नाची पिशवी आणि आतडी रिकामी असली की साफ करताना मांस घाण होत नाही. त्याहून अधिक काळ उपाशी ठेवण्याने काहीच साधत नाही, पक्षी केवळ भुकेला राहतो. पक्षी अंधारात शांत असतात, म्हणून ते पहाटे उजाडण्यापूर्वी उचलावेत, तेही दोन्ही हातांनी, पंख अंगाशी दाबून. पाय धरून उलटे लटकावत नेण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही.

कापण्यासाठी भिंतीला पक्का बसवलेला, खाली निमुळता होत जाणारा पत्र्याचा शंकू वापरावा. त्यात पक्षी डोके खाली करून ठेवला की पंख आवळलेले राहतात, त्यामुळे फडफड होऊन हाड मोडत नाही. कापण्याआधी बेशुद्ध करण्याचे योग्य साधन हाताशी असेल, तर ते अवश्य वापरावे. सुरी लहान पात्याची आणि अतिशय धारदार हवी, आणि जबड्याच्या लगेच खाली, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या पूर्ण तुटायला हव्यात. एकच बाजू तुटली तर शुद्ध हरपायला अधिक वेळ लागतो आणि तो वेळ पक्ष्याला भोगावा लागतो. शुद्ध गेल्यानंतरही अंग झटके देते, हे पाहणाऱ्याला आधी माहीत असावे. निदान २ मिनिटे रक्त वाहू द्यावे, श्वास थांबल्याची आणि डोळ्याला बोट लावल्यावर पापणी हलत नसल्याची खात्री करावी, आणि मगच पक्षी गरम पाण्याजवळ न्यावा. ही कृती केवळ वाचून शिकू नये. जाणत्या माणसाशेजारी उभे राहून, आधी मेलेल्या पक्ष्यावर रक्तवाहिन्यांची जागा ओळखून शिकावी. हात थकले की त्या दिवसाचे काम तेथेच थांबवावे, उरलेले पक्षी दुसऱ्या दिवसासाठी ठेवावेत आणि त्यांना पुन्हा खाद्य द्यावे.

पाणी ६० ते ६५ अंश असले, तर पाऊण मिनिटाच्या आसपास पिसे सुटू लागतात. पंखाचे मोठे पीस सहज निघाले की पुरे. पोट उघडताना आतडे आणि पित्ताशय फुटू द्यायचे नाही, एवढे सांभाळले की बाकीचे सरावाने जमते. काळीज, म्हणजे यकृत, मात्र नीट पाहावे. त्यावर पांढरे ठिपके किंवा गाठी दिसल्या, तर तो पक्षी खाऊ नये आणि पशुवैद्याला दाखवावा. तळपायांवर काळे व्रण असतील, तर पुढच्या पिल्लांसाठी गादी अधिक कोरडी आणि जाड घालावी लागेल.

साफ केलेला पक्षी बर्फाच्या पाण्यात टाकून ४ तासांच्या आत ४ अंशांपर्यंत थंड करावा. नंतर लगेच शिजवू नये वा गोठवू नये. मेल्यावर ताठरलेले स्नायू सैल पडेपर्यंत, म्हणजे एक-दोन दिवस, तो फ्रिजमध्ये झाकून ठेवावा.