आमची वाटचाल: रिवायंडिंगपासून सर्वो ट्यूनिंगपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या गाळ्यावर अजून 'मोटर रिवायंडिंग' एवढीच पाटी आहे. वडिलांनी ती लावली तेव्हा कामही तेवढंच होतं: वर्कशॉपमधल्या, गुऱ्हाळांतल्या, शेतीपंपांच्या जळालेल्या मोटरी. आज आमचा निम्म्याहून जास्त धंदा जुन्या सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या, मशीनला नवीन कंट्रोल, ड्राइव्ह (मोटरला हवी तेवढी वीज देणारा भाग) आणि सर्वो (सांगितल्या जागी नेमकी जाऊन थांबणारी मोटर) बसवण्याचा आहे. पाटी बदलायला वडील तयार नाहीत, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाईकही पाटी वाचून येत नाही.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सेकंड हँड सीएनसी मशिनं येऊ लागली, तशा त्यांच्या डीसी सर्वो मोटरी आमच्या दारात येऊ लागल्या. ब्रश झिजलेले, कम्युटेटरवर (ब्रश घासतात त्या तांब्याच्या गोलावर) कार्बनची काळी पूड, मागचा टॅको (मोटरचा वेग मोजणारा भाग) बंद. ब्रश बदलायचे, कम्युटेटर लेथवर साफ करायचा, टॅको तपासायचा, की मोटर पळायची. पुढंपुढं मोटर ठणठणीत करून दिली तरी मशीन हलेना, कारण ड्राइव्हचं कार्डच गेलेलं असायचं, आणि ते कार्ड बनणं कधीच बंद झालेलं. बेड, कॉलम, स्पिंडल धडधाकट असताना एका कार्डापायी मशीन भंगारात घालायचं हे फाउंड्रीच्या गावातल्या माणसाच्या जिवावर येतं. वर्षानुवर्षं मुरलेलं कास्टिंग आहे ते. तिथून आम्ही रेट्रोफिटकडं, म्हणजे जुन्या मशीनला नवं कंट्रोल बसवण्याकडं, वळलो.

2019च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या महापुरानं शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि पुण्याची वाट बंद पडली. बाहेरून सर्व्हिस इंजिनिअर यायची सोय नाही म्हटल्यावर अलीकडच्या बाजूच्या बऱ्याच मालकांनी आम्हाला पहिल्यांदा फोन केला. त्यातले बहुतेक टिकले.

मोटर बसवणं, पॅनेलचं वायरिंग करणं, हे आमची आयटीआयची पोरंही आता झकास करतात. खरी कसोटी ट्यूनिंगची, म्हणजे ड्राइव्हमधले आकडे मशीनला जुळवून घेण्याची. आणि पैशाची घासाघीसही नेमकी तिथंच होते. एका फाउंड्रीचे आण्णा कोटेशनवर बोट ठेवून म्हणाले, "ऑटो-ट्यूनिंगचं बटन हाय की त्यात. बटन दाबायचे पैसे लावतोस व्हय?"

आण्णांचं अगदीच चूक नव्हतं. नव्या ड्राइव्हमध्ये ऑटो-ट्यूनिंग असतं. ते मोटर पुढंमागं हलवून लोडची जडता मोजतं आणि गेन (चूक दिसली की मोटरनं किती जोरानं सुधारायची, तो आकडा) लावून मोकळं होतं. पण समोर जे लोखंड आहे ते नीटच आहे असं ते धरून चालतं. वीस-पंचवीस वर्षं पळालेलं मशीन तसं नसतं.

सर्वोमध्ये एकात एक तीन लूप (मोजायचं आणि चूक सुधारायची अशी चक्रं) असतात: सगळ्यात आत करंटचा, मग वेगाचा, बाहेर पोझिशनचा. ट्यूनिंग आतून बाहेर करत यायचं. करंट लूप मोटर आणि ड्राइव्हच्या जोडीला कंपनीनंच बसवून दिलेला असतो, त्याला सहसा हात लावत नाही. वेगाचा गेन हळूहळू वाढवत न्यायचा. एका टप्प्यावर स्लाइड (मशीनचा सरकणारा भाग) गुणगुणायला लागते. आमचे मिस्त्री बेअरिंग हाउसिंगवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावतात, आणि स्क्रीनवरच्या आलेखात दिसायच्या आधी त्यांना ते ऐकू येतं. तिथून गेन चांगला मागं घ्यायचा, मग इंटिग्रल (उरलेली बारीक चूक काढणारा आकडा), आणि शेवटी पोझिशन गेन.

मिस्त्रींचं पालुपद एकच: "आधी लोखंड बघ मर्दा, मग बटनं दाब." एका व्हीएमसीचा (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनचा) वाय अक्ष जागेवर उभा असतानाही थरथरायचा, आमच्या भाषेत हंटिंग. आधी कुणीतरी गेन निम्म्यावर आणून त्याला गप्प केलं होतं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! थरथर थांबली, पण जॉबमध्ये कोरलेले गोल खिसे (खळगे) ओव्हल यायला लागले. आम्ही कपलिंग सोडून नुसती मोटर चालवली, तर ती एकदम शांत. म्हणजे दोष पुढं होता. टेबलाला डायल लावून पहारीनं हलकं रेटलं की काटा सरकायचा आणि परत यायचा. बॉलस्क्रूच्या (टेबल सरकवणाऱ्या आट्यांच्या दांड्याच्या) टोकाच्या थ्रस्ट बेअरिंगचा लॉकनट सैल होता. तो आवळला, गिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) नीट बसवली, तुंबलेली ल्युब्रिकेशनची नळी मोकळी केली, आणि मग गेन हवा तिथवर बिनबोभाट चढला.

खिसे ओव्हल का होत होते, हे मालकांना आम्ही कागदावर मांडून दाखवतो. पोझिशन गेन जितका कमी, तितका अक्ष कमांडच्या मागं राहतो. समजा फीड, म्हणजे टूलचा वेग, मिनिटाला 3000 मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला 50 मिलिमीटर. एक्सचा गेन 25 आणि वायचा 20 असेल, तर 45 अंशाच्या रेषेवर टूल बरोबर पाव मिलिमीटर बाजूनं चालतं. दोन्ही सारखे मागं राहिले तर रेष बिघडत नाही, एक दुसऱ्यापेक्षा जास्त मागं राहिला की बिघडते. म्हणून दोन्ही अक्षांचा गेन सारखा ठेवायचा, आणि तो कमजोर अक्षाला झेपेल तेवढाच. वर्तुळ तिरकं लांबट येत असेल तर ते उलट्या दिशेनंही फिरवून बघावं. लांबटपणाची दिशा पालटली तर दोष गेनचा. तशीच राहिली तर अक्ष एकमेकांना काटकोनात नाहीत, आणि तिथं ड्राइव्हमध्ये कितीही आकडे फिरवले तरी उपयोग शून्य.

हेड वरखाली करणाऱ्या झेड अक्षाचं वेगळंच. सर्वो बंद झाल्यावर ब्रेक पकडायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात हेड खाली बसतं. फरक केसाएवढा असला तरी टूल जॉबवर टेकलेलं असेल तर इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) गेलाच. ब्रेक पकडेपर्यंत मोटरनं भार धरून ठेवायचा, हा वेळ ड्राइव्हमध्ये लावता येतो. हँडओव्हरच्या आधी मी हे स्वतः तपासतो, पोरांवर सोडत नाही.

हे सगळं दाखवल्यावर आण्णांनी पैसे दिले. थोडे कापून दिले, पण दिले. तेव्हापासून कोटेशनमध्ये 'यांत्रिक तपासणी' आणि 'ट्यूनिंग व मोजमाप' अशा दोन ओळी वेगळ्या असतात. काहीजण त्या खोडून मागतात. त्यांचं काम आम्ही घेत नाही. त्यातली दोन-तीन मशिनं नंतर आमच्याकडंच आली, तेव्हा मिस्त्री फार खूश होते.

स्लाइड फारच खाल्ली असेल तर आम्ही रेट्रोफिटला सरळ नको म्हणतो. आधी स्क्रेपिंग (झिजलेली स्लाइड खरवडून पुन्हा सपाट करणं) करून घ्या, तो खर्च परवडत नसेल तर मशीन बदला. कुणाला मशीन दाखवायचं असेल तर एवढंच करा: जुनं पॅनेल आधीच उचकटून ठेवू नका, मशीन रडतखडत का होईना चालू असताना दाखवा, आणि जुन्या पॅरामीटरचा बॅकअप किंवा छापील कागद कपाटात कुठं पडला असेल तर शोधून ठेवा.